भुवया कोरण्याआधी अर्धा मिनिट त्वचा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला आणि तुळशीचे लग्न लागले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पार्लरमध्ये नवऱ्या मुली आणि करवल्यांची रीघ लागते. आधीचे चार महिने दमट कपड्यांत गेलेले असतात. नायटा, चिखल्या, शिबे, मुरूम यांतले काहीतरी सोबत घेऊनच बाई खुर्चीत बसते. डॉक्टरकडे ती अजून गेलेली नसते. तिच्या अंगावरचा डाग घराबाहेरच्या माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडतो तो पार्लरमध्ये. पण तिथे तो बहुधा झाकला जातो, नाहीतर त्याच्यावरूनच धागा फिरतो. म्हणून पार्लर चालवणाऱ्या आणि तिथे जाणाऱ्या अशा दोघींसाठी थोडे तपशिलाने लिहीत आहोत.

रोगाचे निदान करणे पार्लरचे काम नव्हे, आणि मलम देणे तर नाहीच नाही. कशाला हात लावायचा नाही हे ओळखणे मात्र पार्लरचेच काम आहे. त्याला अर्धा मिनिट पुरतो.

आरशाभोवती लावलेले पिवळे बल्ब मेकअपला शोभून दिसतात, पण त्यांच्या उजेडात लाली हरवते. पाहताना पांढरा दिवा लावावा किंवा गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवावे. पावडर, कुंकू, मेकअप पुसावा आणि पाच मिनिटे थांबावे, कारण पुसताना चोळले की कुणाचीही कातडी लाल होते. मग दोन बोटांनी कातडी हलकेच ताणायची. डाग बोटाला लागतो की नाही? लागत नसेल तर तो नुसता रंगाचा बदल आहे: वांग, सपाट तीळ, मुरमाचा जुना डाग. बोटाला लागला आणि एक सेंटिमीटरहून लहान असला तर पुटकुळी. मोठा आणि खोल असला तर गाठ. आत स्वच्छ पाणी असेल तर फोड, पू असेल तर पिकलेली पुटकुळी. अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधी वेगळ्या. एक गांध साधारण २४ तासांत जिरते आणि दुसरी दुसरीकडे उठते. चार दिवस एकाच जागी बसलेला चट्टा गांध नव्हे. खपली, कोंडा, भेग, ओरखडा, व्रण हे सगळे मागाहून येणारे, खाजवल्याने, फोडल्याने किंवा दर आठवड्याला मलम बदलल्याने. लहान मुलाच्या नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाची चिकट खपली दिसली तर तो जंतुसंसर्ग असतो आणि एकाच टॉवेलावरून घरभर फिरतो.

नावांवर मात्र विसंबू नये. आपल्याकडे एकाच खुर्चीत सकाळी मराठी बोलणारी बसते, दुपारी कन्नड बोलणारी. खरजेला तिकडे कज्जी म्हणतात, कोडाला तोन्नू, आणि गजकर्ण दोन्हीकडे गजकर्णच. पण खाजणाऱ्या कुठल्याही चट्ट्याला गजकर्ण म्हणून मोकळे होण्याची सवय दोन्ही भाषांना आहे. त्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत. किती दिवस झाले? खाज आहे, आग आहे की तिथे काही कळतच नाही? घरात आणखी कुणाला आहे का? आणि आजवर काय काय लावले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाई सहसा चाचरत देते, आणि नेमके तेच कामाचे असते. त्याकडे पुढे येऊ.

आधी धागा. भुवया कोरताना केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही जागोजाग खरवडला जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यानंतर गुलाबपाणी चुरचुरते ते त्यामुळेच. भुवईच्या आसपास टाचणीच्या डोक्याएवढ्या, चपट्या, कातडीच्याच रंगाच्या किंवा किंचित तपकिरी पुटकुळ्या असतील तर त्या चपट्या चामखिळी असू शकतात. मोत्यासारखी गोल, चकचकीत आणि मधोमध खळी असलेली पुटकुळी दिसली तर ते मोलस्कम. दोन्ही विषाणूंमुळे होतात, दोन्ही पसरतात. धागा एका चामखिळीवरून घासत पुढे गेला की विषाणू त्या खरवडलेल्या वाटेवर पेरला जातो, आणि पुढे त्याच रेषेत चामखिळींची रांग उगवते. ती उगवायला कित्येक आठवडे, कधी कधी महिने लागतात. त्यामुळे भुवया कोरल्या कधी आणि पुटकुळ्या आल्या कधी, याची सांगड ना गिऱ्हाईक घालते, ना पार्लरवाली. अशी एकही पुटकुळी दिसली तर त्या भुवईला हात लावू नये, चिमट्यानेही नाही.

धाग्याचे टोक दातांत धरण्याची पद्धत आता सोडलीच पाहिजे. ओठावर ताप उमटलेला असो, हिरडीतून रक्त येत असो, थुंकी धाग्याने थेट खरवडलेल्या कातडीवर जाते. धाग्याचा फास मानेत अडकवून किंवा दोन्ही हातांच्या बोटांवर घेऊन काम तितकेच सफाईने होते. हात बसायला दोन-तीन आठवडे लागतात, इतकेच. प्रत्येकीला नवा तुकडा घ्यावा, हात-दीड हात लांबीचा, आणि काम झाल्यावर लगेच टाकावा. ज्यांना कोड आहे त्यांनी तर धागा, वॅक्स, घासणारा स्क्रब यांपासून दूरच राहावे. कोडाच्या बऱ्याच रुग्णांत जिथे कातडी दुखावते तिथे नवा पांढरा डाग उमटतो.

आता ट्यूबकडे. नायट्याची खूण सोपी आहे: कडेला उठावदार, कोंडा सुटणारी, खाजणारी गोल कड आणि मध्यभागी बरीचशी निवळलेली कातडी. जांघ, कंबरेला नाडी बांधतो ती जागा, काख, स्तनांखाली, सैल न होणाऱ्या जीन्सच्या शिवणीखाली. बुरशीचा हा रोग असतो साधा, पण आपण त्याला चिवट करून ठेवला आहे. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधे एकत्र असतात: बुरशीचे, जिवाणूंचे आणि वर एक जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, बाई म्हणते गुण आला. पण खाज आणि लाली ही शरीराची बुरशीशी चाललेली लढाई असते. लढाई थांबली, बुरशी मोकळी सुटली. महिन्याभरात गोल कड पुसट होते, चट्टा वेडावाकडा पसरतो, एकात एक वर्तुळे पडतात, आणि मग अनुभवी डॉक्टरलाही तो पटकन ओळखू येत नाही. जांघेत पांढरे-लाल चिरे पडले तर ते गरोदरपणाच्या चिऱ्यांसारखे कायमचे राहतात.

ट्यूबवरची बारीक अक्षरे इंग्रजीत असतात, पण ती वाचायची एक सोपी युक्ती आहे. घरातल्या शाळकरी मुलाकडून घटकद्रव्यांची नावे मोठ्याने वाचून घ्या. नावाच्या शेवटी ‘नाझोल’ आले, जसे मायकोनाझोल, कीटोकोनाझोल, तर ते बुरशीचे औषध. शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ आले, जसे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ते स्टेरॉइड. क्लोबेटासोल त्यातले सर्वांत जहाल. युक्ती प्रत्येक नावाला लागू पडत नाही, पण आपल्याकडे खपणाऱ्या बहुतेक ट्यूब तिच्यात सापडतात. केंद्र सरकारने २०१८ साली अशी १४ स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानात मात्र आजही ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढे म्हटले की पुरते. औषध विक्रेते बंधू हे वाचत असतील तर त्यांना एवढेच सांगणे की नुसते बुरशीनाशक मलमही त्याच कपाटात असते, आणि किमतीत फार फरक नसतो.

डॉक्टरांनी बुरशीचे मलम दिले तर लावण्याचीही रीत आहे. ते चट्ट्याच्या कडेपासून दोन सेंटिमीटर बाहेरून सुरू करून आत यायचे, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावायचे. हल्ली बुरशी चिवट झाल्याने एकूण उपचार महिना-दोन महिने चालतो. औषध मध्येच सोडले की नायटा पुन्हा उलटतो. घरातल्या सगळ्यांचे उपचार एकदम झाले नाहीत, किंवा टॉवेल एकच राहिला, तरी तेच. खानापूरकडच्या पावसात कपडे वाळत नाहीत हे खरे. मग निदान आतल्या कपड्यांच्या शिवणी आणि नाड्यांवरून आतल्या बाजूने गरम इस्त्री फिरवावी. सकाळचा अर्धवट वाळलेला परकर तसाच नेसणे, हे नायट्याला आमंत्रण.

हीच ट्यूब वेगळ्या झाकणाखाली चेहऱ्यावर जाते तेव्हा नुकसान आणखी उघड होते. वांगासाठी डॉक्टर एक मिश्रण देतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि हलके स्टेरॉइड. त्याचा मूळ नुस्खा १९७५ सालचा. ते काही आठवडे, रात्री, देखरेखीखाली, आणि दिवसा सनस्क्रीनसह वापरायचे असते. आपल्याकडे त्याच धर्तीची ट्यूब ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे आणि पार्लरकडून गिऱ्हाइकाकडे फिरते, आणि वर्षानुवर्षे लावली जाते. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो. मग गाल कायमचे लाल राहतात, उन्हात गेले की भाजल्यासारखी आग होते, बारीक शिरा दिसू लागतात, ओठावर आणि गालावर लव वाढते, मुरूम उठतात. क्रीम बंद केली की दोन दिवसांत चेहरा फुलतो, म्हणून बाई घाबरून पुन्हा लावते. हे चक्र तोडायला डॉक्टरच लागतो. खुर्चीत बसलेल्या बाईच्या गालांवर हे दिसत असेल तर तिला ब्लीच, स्क्रब, वाफ काहीही देऊ नये. त्याहून वाईट म्हणजे लेबल नसलेल्या डबीतली क्रीम. काहींत पारा असतो, आणि तो कातडीतून आत जातो. २०२३ साली केरळात मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडलेले रुग्ण आढळले.

पांढऱ्या डागांबद्दल लोकांच्या मनात भीती फार, म्हणून ते नीट वेगळे करून ठेवावेत. नखाने हलकेच खरवडल्यावर पिठासारखा कोंडा निघाला तर ती शिबे: छाती, पाठ, मान, घामाच्या जागा, बुरशीची, बरी होणारी. औषधाने बुरशी गेली तरी रंग परतायला दोन-तीन महिने जातात, तेवढ्यात ‘गुण नाही’ म्हणून दुसरे औषध सुरू करू नये. शाळकरी मुलांच्या गालावरचे फिकट, कडा पुसट असलेले डाग जंत किंवा कॅल्शियम कमी म्हणून नसतात. त्वचा कोरडी पडल्याने असतात, साधे मॉइश्चरायझर आणि थोडा धीर पुरतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कडा स्पष्ट, कोंडा नाही, आणि स्पर्श पूर्ण कळतो. तो कुणाला लागत नाही. फिकट किंवा लालसर डागावर कापसाचे टोक फिरवल्यावर, डोळे मिटलेल्या माणसाला ते कळलेच नाही, तर मात्र कुष्ठरोगाची शंका घ्यायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवायचे. तिथे त्याची गोळ्यांची पाकिटे मोफत मिळतात आणि लवकर सुरू केली तर हातपाय वाकडे होत नाहीत. पार्लरमध्ये ही तपासणी करत बसू नये, पण ‘इथे काही कळत नाही’ असे गिऱ्हाईक स्वतःहून म्हणाले तर ते वाऱ्यावर सोडू नये.

आणखी एक पांढरा डाग आहे, तो पाहायला टिकली काढावी लागते. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल नावाचे रसायन असू शकते. काहीजणींच्या कपाळावर ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारते. आधी खाज, मग हुबेहूब टिकलीच्या मापाचा गोल पांढरा ठिपका. टिकली तत्काळ बंद करायची. मोठी टिकली लावून ठिपका झाकणे म्हणजे तो वाढवणे.

मुरमांबद्दल गैरसमजच जास्त. ब्लॅकहेडचे काळे टोक मळ नसतो. छिद्रात अडकलेला मेद आणि त्यातले रंगद्रव्य हवेने काळे पडते. म्हणून घासून ते जात नाही. काढायचेच तर पाच मिनिटांहून जास्त वाफ नको, बोटांना टिश्यू गुंडाळून आधी खाली आणि मग आत दाब, दोन प्रयत्नांत निघाला नाही तर सोडून द्यायचा. लाल, दुखऱ्या, पू असलेल्या पुटकुळीला आणि खोल गाठीला हात नाही. आत फुटली की पू त्वचेत पसरतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर त्याचा काळा डाग महिनोन्महिने बसतो. अशा चेहऱ्यावर तेलाचा मसाज आणि खरखरीत स्क्रब म्हणजे पैसे देऊन मुरूम वाढवणे. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्यांच्या हातांवर, मांड्यांवर येणारे काळ्या टोकांचे फोड मात्र कटिंग ऑइलने केसांची छिद्रे बुजल्यामुळे होतात. तेलाने भिजलेली पँट रोज बदलल्याशिवाय कुठलेही मलम त्याला पुरणार नाही.

वॅक्स करण्याआधी गोळ्या विचाराव्यात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्स नाहीच. केसांबरोबर कातडी सोलून येते. रात्री रेटिनॉइडची (ट्रेटिनॉइनसारखी) क्रीम लावणाऱ्यांनी ती आठवडाभर आधी थांबवावी. मेण आपल्या मनगटावर लावून पाहायचे, आणि लाकडी पट्टी एकदा अंगाला लागली की पुन्हा भांड्यात बुडवायची नाही. केसांच्या काळ्या रंगाची चाचणी कानामागे थेंब लावून ४८ तास पाहायची; दहा मिनिटांची चाचणी ही चाचणीच नव्हे, कारण त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. पटकन रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही तेच असते.

बाकीचे थोडक्यात. मानेवरचा काळा, मखमलीसारखा जाड पट्टा मळ नसतो. बहुतेक वेळा वाढलेले वजन आणि शरीरात इन्सुलिनला आलेला प्रतिकार त्यामागे असतो. नेक ब्लीच विकण्याऐवजी साखर तपासायला सांगावे. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, चुना-सोडा लावणे आपल्या गावांत अजून चालते. चुना-सोड्याने भाजलेला व्रण चामखिळीहून मोठा असतो, आणि जिला चामखीळ समजलो ती चामखीळ नसेल तर वेळही जातो. बिब्बा आणि काजूच्या टरफलातले तेल लागून उठलेले फोड फोडू नयेत. बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज, आणि घरात दोघातिघांना, म्हणजे खरूज. उपचार सगळ्या घराचा एकाच रात्री. रोप लावणीनंतरच्या चिखल्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांत पांढऱ्या, भिजट दिसतात. असा पाय पेडिक्युअरच्या टबात गेला की टब पुढच्या गिऱ्हाइकाला काय देईल ते वेगळे सांगायला नको. साखर असलेल्यांच्या टाचेच्या भेगांना ब्लेड लावायचे नाही. तीळ दोन बाजूंनी वेगवेगळा, कडा कुरतडल्यासारखी, रंग दोन-तीन, सहा मिलिमीटरहून मोठा किंवा बदलत चाललेला, विशेषतः तळव्यावर किंवा नखाखाली, तर थेट डॉक्टर. महिनाभर न भरणारी जखमही तशीच.

हत्यारांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. निळ्या दिव्याचे कपाट, ज्याला सगळे स्टरलायझर म्हणतात, ते हत्यारे पूर्ण निर्जंतुक करत नाही. किरण पडतात तेवढ्याच पृष्ठभागावर त्याचे काम होते, आणि कात्रीच्या बिजागरीत ते पोचत नाहीत. धातूची हत्यारे आधी साबणाने ब्रशने घासायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे. ज्याला उष्णता चालत नाही त्याला हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचे जंतुनाशक द्रावण: ५ टक्क्यांचा एक भाग, पाणी नऊ भाग, दहा मिनिटे, मग धुऊन पुसायचे. रोज नवे करायचे, शिळ्याचा जोर जातो. लोखंडाला ते गंज आणते, म्हणून जास्त वेळ बुडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. टोचायची सुई मात्र एकदाच वापरून टाकायची.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. कोड आणि कुष्ठरोग बरा करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंद आहेत. तरी अशा चौकटी आणि पुरवण्यांबरोबर घरात येणारी पत्रके थांबलेली नाहीत. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात त्वचेची ओपीडी आहे. अशा जाहिरातींच्या जागेत तिचे दिवस आणि वेळा मराठीत छापल्या तर लांबच्या गावच्या बाईचा एसटीचा एक फेरा वाचेल.

पार्लरने डॉक्टरकडे पाठवताना चिठ्ठीवर निदान लिहू नये. डाग कुठे, किती दिवसांचा, सपाट की उठलेला, खाज की बधिर, एवढे लिहावे. आणि बाईला सांगावे की रिकामी झालेली, चेपलेली ट्यूबसुद्धा टाकू नकोस, पिशवीत घालून ने. झाकण हरवले असले तरी चालेल, नाव वाचता आले म्हणजे झाले.

आपल्या,
पार्लरचे प्रशिक्षण देणाऱ्या काही शिक्षिका आणि त्वचारोग विभागात काम केलेले सहकारी
बेळगाव